हजारातला एक रुपया

किकवी हे भोर तालुक्यातलं, पुणे–सातारा महामार्गावरचं गाव. पुण्याकडून येताना खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ मागे पडलं की किकवी लागतं. पुढे सारोळ्याला नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. नदीच्या अलीकडे शेती आणि पलीकडे कारखाने, अशी ढोबळ विभागणी गेल्या काही दशकांत झाली आहे. शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या बसची वाट पाहत उभी असलेली पोरं हे या पट्ट्यातल्या प्रत्येक फाट्यावरचं रोजचं दृश्य. शेती पुरत नाही, पुणे परवडत नाही, मग कंपनी. आमच्याकडे 'कंपनी' म्हटलं की ती कोणती, हे कुणी विचारत नाही. कंपनी म्हणजे रोजी.

याच गावांत आणखी एक गोष्ट दिसते. शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, बसथांब्याच्या बाकावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव असतं. खाली लिहिलेलं असतं, 'सामाजिक उत्तरदायित्व निधीतून'. लोक त्याला सीएसआर म्हणतात. सरपंचापासून तरुण मंडळाच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांना हा शब्द आता पाठ आहे. टाकी आली याचा आनंदच आहे. पाणी पिताना माणूस ते कुठल्या कलमाखाली आलं हे विचारत नाही. पण त्या टाकीवरचं नाव वाचताना मला एक हिशेब सुचतो, तो आज मांडायचा आहे.

कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी. १ एप्रिल २०१४पासून हे लागू झालं. खर्च करताना कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. म्हणून टाक्या आणि बाकं आमच्या वाट्याला येतात.

आता गणित करून पाहू. समजा एका कंपनीची उलाढाल १००० कोटी आहे आणि नफा ५० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे १ कोटी. म्हणजे कंपनीच्या हातून हजार रुपये फिरतात तेव्हा त्यातला एक रुपया समाजाच्या नावाने बाहेर पडतो. उरलेल्या ९९९ रुपयांत काय असतं? कच्चा माल, वीज, वाहतूक, पगार, कंत्राटं, कँटीन, सुरक्षारक्षक, बस, मालकाचा नफा. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाकडून माल घ्यायचा, कोणाचं बिल कधी द्यायचं, हे सगळं त्या ९९९ रुपयांत ठरतं. गावाचं भलं-बुरंही तिथेच होतं. आणि आपली सगळी चर्चा, सत्कार, उद्घाटनं त्या एका रुपयाभोवती चालतात.

कायद्याने हा फरक स्वतःच स्पष्ट केला आहे. सीएसआरच्या नियमांनुसार कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायात केलेलं काम या खर्चात धरता येत नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही धरता येत नाही. नियम योग्यच आहे. नाहीतर पगारालाच कुणी समाजसेवा म्हटलं असतं. पण त्यातून एक समज घट्ट झाली: सामाजिक जबाबदारी म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेर करायची गोष्ट, आणि फाटकाच्या आत फक्त धंदा.

मुसलमान वाचकाला हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. आपण जकात देतो. वर्षभर साठून राहिलेल्या, ठरावीक मर्यादेच्या वर असलेल्या मालमत्तेचे अडीच टक्के. आकडा सीएसआरच्या जवळपासचाच. पण जकात दिली म्हणजे कमाई आपोआप पाक झाली, असं कुठलाही आलिम सांगणार नाही. जकात हलाल कमाईतून द्यायची असते. कमाई हलाल आहे की नाही, हे दुकानाच्या गल्ल्यावर, तराजूच्या काट्यावर ठरतं. कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' नावाची एक अख्खी सूरह आहे. तिचं नावच माप मारणाऱ्यांवरून आलं आहे. स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, त्यांच्याविषयी ती बोलते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस तर आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. त्यातली वेळेची अट लक्षात घ्या. मजुरी दिली एवढं पुरत नाही, ती केव्हा दिली हेही विचारलं जातं. ही व्यवसायाच्या आतली शिस्त आहे. खैरात नंतर येते.

आता फाटकाच्या आत येऊ.

माझा एक भाचा आयटीआय झाला. ट्रेड फिटर. निकाल लागल्यावर तो आणि त्याचे तीन वर्गमित्र एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात गेले. चौघांचे गुण जवळपास सारखे, त्यातल्या दोघांपेक्षा याचे थोडे जास्त. तिघांना सोमवारपासून यायला सांगितलं. याला म्हणाला, "तुला फोन करतो." घरी येऊन त्याने मला सांगितलं, "मामू, त्याने नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग परत नाव विचारलं." पुढे काही बोलला नाही. फोन आला नाही.

काही दिवसांनी एका ओळखीच्या माणसाला घेऊन मी त्या कॉन्ट्रॅक्टरला भेटलो. माणूस उर्मट नव्हता. चहा मागवला. म्हणाला, "साहेब, माझ्या मनात काही नाही. पण लाइनचा सुपरवायझर कुरकुर करतो. शुक्रवारी दुपारी ही पोरं जागेवर नसतात, रमजानमध्ये सेकंड शिफ्टला अडचण होते. मला माणसं पुरवायची असतात, भांडणं नाही." मी विचारलं, याआधी किती मुस्लिम मुलं घेतली होती? तो थोडा थांबून म्हणाला, "एक होता, चार-पाच वर्षांपूर्वी. तो चांगला होता तसा."

त्या भेटीवर मी बराच विचार केला. मला त्याचा राग येत नाही असं नाही. पण या माणसाला 'जातीयवादी' म्हणून मोकळं होता येत नाही. त्याने एका मुलाला दुसऱ्याच कुणाच्या न झालेल्या गैरहजेरीची शिक्षा दिली. ती का दिली? कारण त्याच्या कामाची पद्धतच तशी आहे. जागा किती आहेत ते फक्त त्याला माहीत. कुणाला घ्यायचं ते तोच ठरवतो. का नाकारलं हे कुठे लिहावं लागत नाही. ज्या कंपनीसाठी तो माणसं पुरवतो, तिने त्याला माणसं किती आणि कोणत्या दराने एवढंच विचारलेलं असतं. ती कंपनी कदाचित शेजारच्या गावात शाळेची खोलीही बांधत असेल. त्या शाळेत शिकलेला मुलगा तिच्या फाटकाशी नावावरून अडतो, हे तिच्या कुठल्याच कागदावर येत नाही.

हा एका घरचा अनुभव म्हणून सोडून देता आला असता. पण सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला होता. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, फरक फक्त नावात: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. पुढच्या फेरीचं बोलावणं कुणाला येतं हे पाहिलं. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची सुमारे एक-तृतीयांश. हे अर्ज सुशिक्षित पदवीधरांचे, शहरी कंपन्यांना पाठवलेले होते. फिटरची गोष्ट वेगळी असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

घटनेचं कलम १६ समान संधी देतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. खासगी कंपनीने धर्मावरून डावललं तर थेट दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. २००६च्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग झाला नाही. सेबीने २०२२-२३पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्रिया किती, दिव्यांग किती, हे आकडे द्यावे लागतात. धर्माचा किंवा जातीचा रकाना त्यात नाही. जे मोजलं जात नाही, त्यावर बैठकीत कुणी बोलत नाही.

मग हे बदलतं कसं? माणसांची मनं बदलण्याची वाट पाहायची का? महाराष्ट्राचा औद्योगिक इतिहास वेगळं सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा संपला की नव्या कांडीचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा वापरणार, म्हणजे विटाळ. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य झाला पाहिजे. या खात्यात सवर्ण हिंदूंबरोबर मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते. बंद दाराच्या आतल्या बाजूला आपलेही लोक उभे होते, हे विसरू नये. या उदाहरणातली शिकवण मला महत्त्वाची वाटते. लाकडाच्या एका अवजारात आणि ते वापरण्याच्या रीतीत जातिभेद बसला होता. गिरणीमालकाने दवाखाना किंवा धर्मशाळा बांधली असती तरी तो तिथून हलला नसता.

त्याच गिरण्यांत भरतीचा मालक होता जॉबर. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणायचा, नोकरी देताना दस्तुरी घ्यायचा. १९३१च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात जॉबरच्या या मनमानीवर टीका आहे. पुढे १९३५मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत आणली. नोंद झालेल्या बदलीवाल्यांना कार्ड आणि कामासाठी त्यांचा आधी विचार. जॉबर एका दिवसात साधू झाला नाही. पण रोज सकाळी दारात कुणाला उभं करायचं, ही त्याची एकट्याची मर्जी थोडी तरी कमी झाली. साखर कारखान्यांत ऊसतोडीला तेच काम मुकादम करतो, उचल देऊन. आमच्या महामार्गावर तेच काम कॉन्ट्रॅक्टर करतो. नावं बदलली, दारावरचा माणूस तोच आहे. म्हणून दाराचीच पद्धत बदलावी लागते.

ज्यांनी ती बदलली, असे मालकही आपल्याच मातीत झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसवली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी केला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमलं. १९१०च्या काळात हे धाडस होतं. कारखान्याची तिजोरी ज्याच्या पहाऱ्यात आहे, त्याच्यावर टाकलेला विश्वास देणगीच्या पावतीवर लिहिता येत नाही.

कोल्हापुरात गंगाराम कांबळेंची गोष्ट आजही सांगतात. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा शाहू महाराज तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. महाराजांनी कांबळेंना दान देऊन घरी बसवलं नाही, ते त्यांचं गिऱ्हाईक झाले. आज मोठ्या कंपन्या 'खरेदी धोरण' म्हणतात ते हेच. कँटीनची भाजी कुणाकडून, गणवेश कुणाकडून शिवायचे, बस कुणाची लावायची, हे ठरवताना कंपनी अशीच कुणाच्या तरी दारात गाडी थांबवू शकते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आमच्या भागातल्या कंपन्यांनी एखादी टाकी कमी बांधली तरी चालेल, पण पुढच्या चार गोष्टी कराव्यात. एक, कॉन्ट्रॅक्टरमार्फत भरायच्या जागाही आयटीआयच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. किती जागा, कोणता ट्रेड, शेवटची तारीख. दोन, कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक कलम घालावं की नाकारलेल्या उमेदवाराचं कारण लेखी ठेवावं लागेल. कॉन्ट्रॅक्टरने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातच आलं होतं. मजुरीची जबाबदारी मूळ मालकाची असेल तर भेदभावाची का नसावी? तीन, शिफ्टचं वेळापत्रक माणसं पाहून करावं. जुम्म्याच्या नमाजाला लागणारा वेळ जेवणाच्या सुट्टीत बसू शकतो. रमजानात शिफ्टची अदलाबदल करता येते, जशी वारीच्या किंवा गावच्या जत्रेच्या दिवसांत सुपरवायझर करतोच. ही सवलत नव्हे, नियोजन आहे. चार, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. ते धोरण फाटकावर मराठीत लावावं आणि त्यात धर्म व जात हे दोन शब्द कंपनीने स्वतःहून वाढवावेत. कायदा सक्ती करत नाही, पण मनाईही करत नाही.

यात खर्च किती? एक कागद, एक कलम, एक वेळापत्रक. कुणी म्हणेल, कंपनी धंदा करायला आली आहे. बरोबर आहे. पण मीही धंद्याविषयीच बोलतो आहे. ज्या फिटरने सर्वांत चांगले गुण मिळवले त्याला नावावरून परत पाठवणं हा वाईट धंदा आहे. आणि १९४८चा कारखाने कायदा आला तेव्हा अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कँटीन ठेवायला लावणारी तरतूद त्यात होती. आज कँटीनला कुणी समाजसेवा म्हणत नाही. ते कारखान्याचाच भाग झालं. बाकीचंही होईल.

आता थोडं आपल्या घरात. या महामार्गावर आणि पुण्यात आपलेही धंदे आहेत. गॅरेज, भंगार, फळं, बेकरी, मटण, फॅब्रिकेशन, हॉटेलं. रमजानात आपण दिलदार असतो. जकात देतो, इफ्तार घालतो, मदरशाला पावती फाडतो. पण दुकानातल्या पोराला ठरलेल्या तारखेला पगार मिळतो का? त्याचं भविष्य निर्वाह निधीचं खातं आहे का? अंगमेहनतीचं काम बिरादरीबाहेरच्याकडे आणि गल्ला बिरादरीतल्याकडेच का असतो? अशराफ, बागवान, अत्तार, कुरेशी, मोमीन हे भेद निकाहापुरते राहत नाहीत, ते धंद्यातही येतात. शिकलेल्या मुलीला हिशेबाच्या टेबलावर बसवायला आपल्यातले किती मालक तयार आहेत? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, हे आपल्यातल्या किती व्यापाऱ्यांना माहीत आहे? आपण दुसऱ्याच्या फाटकावर न्याय मागतो तेव्हा आपल्या शटरच्या आतलं मापही पुरं असायला हवं. सूरह मुतफ्फिफीन घेताना आणि देताना, दोन्ही मापं तपासते.

भाचा सध्या पुण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवासात जातात. पगार शिरवळपेक्षा फार जास्त नाही. त्याचा मालक मारवाडी आहे. मुलाखतीत त्याने नाव वाचलं, मग एक जॉब हातात दिला आणि म्हणाला, "एवढं घासून दाखव, मापात आलं पाहिजे." त्याने घासून दाखवलं. मापात आलं. जुम्म्याला तो अर्धा तास जातो आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबतो. मालकाने यासाठी कुठलंही धोरण लिहिलेलं नाही आणि भिंतीवर कुठला फलकही नाही.

येत्या ग्रामसभेला कंपनीचे लोक पुढच्या वर्षीच्या सीएसआरसाठी गावाची यादी मागणार आहेत. यादीत शाळेचं कुंपण आहे, सौरदिवे आहेत, व्यायामशाळा आहे. मी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली आहे: जागा निघाल्या की त्यांचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ग्रामसेवक म्हणाले, "भाई, हे निधीत बसत नाही." मी म्हणालो, "बसत नाही म्हणूनच लिहा."